कोळंबी चालते, मग चोरी का चालत नाही?

2024 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने एक कायदा केला. सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक लावायचा, तोही किमान 11 बाय 14 इंचांचा. पुढच्या वर्षी टेक्ससनेही तसाच कायदा केला. प्रकरणं अर्थातच न्यायालयात गेली. केंटकी राज्याचा असाच कायदा 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला होता, त्यामुळे वकिलांना भरपूर काम आहे. ते त्यांचं ते बघतील.

मी त्या फलकापाशी थबकलो ते वेगळ्याच कारणाने. दहा आज्ञा निर्गम या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात येतात. तिथून चार पानं पुढे गेलं की शिंगं मारणाऱ्या बैलाचं काय करायचं ते येतं, गहाण पांघरूण कधी परत करायचं ते येतं. आणखी पुढे, लेवीय या पुस्तकात, डुकराचं मांस वर्ज्य; पर आणि खवले नसलेले जलचर, म्हणजे कोळंबी-खेकडे, तेही वर्ज्य; दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगाला लावायचं नाही. हे कोणी फलकावर लावत नाही. बहुतेक ख्रिस्ती माणसं कोळंबी खातात आणि चोरीला मात्र पाप म्हणतात. दोन्ही मनाया मोशे या एकाच संदेष्ट्याच्या हातून आलेल्या. मग सोयीचं तेवढं ठेवलं आणि बाकीचं सोडून दिलं, असंच ना? हा आरोप नास्तिक करतात, आणि चर्चमध्ये वाढलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलंही करतात. त्याला उत्तर आहे, पण ते एका वाक्यात मावत नाही.

आकडा दहा नाही, 613

यहुदी परंपरेत मोशेच्या पाच पुस्तकांमधल्या आज्ञा 613 धरतात. 248 ‘हे कर’ म्हणणाऱ्या, 365 ‘हे करू नको’ म्हणणाऱ्या. तिसऱ्या शतकातल्या रब्बी सिमलाई यांच्या नावावर हा आकडा तालमूद या यहुदी धर्मग्रंथात नोंदलेला आहे, आणि बाराव्या शतकात मायमोनिडीस या यहुदी पंडितांनी त्यांची क्रमवार यादीच करून ठेवली.

यातल्या कितीतरी आज्ञा मंदिराशी बांधलेल्या आहेत: कोणता बळी कधी द्यायचा, याजकाने काय नेसायचं, शुद्धी कशी करायची. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने येरुशलेमचं मंदिर पाडलं आणि त्या आज्ञा पाळण्याची जागाच उरली नाही. म्हणजे ‘पाळायचं तर सगळं पाळा, नाहीतर काहीच नको’ हे आव्हान ऐकायला बिनतोड वाटलं, तरी साडेएकोणीसशे वर्षांत अत्यंत निष्ठावान यहुदी माणसालाही ते झेपलेलं नाही. कोणती आज्ञा आपल्याला कशी लागू होते, हा विचार प्रत्येकाला करावाच लागतो. ख्रिस्ती माणूस त्यात एकटा नाही.

‘नियमशास्त्र’ या शब्दातलं ‘शास्त्र’

हिब्रूमध्ये या पाच पुस्तकांना ‘तोरा’ म्हणतात. त्याचा अर्थ शिकवण, मार्ग दाखवणं. ग्रीक भाषांतरात त्याचं ‘नोमोस’ झालं, म्हणजे कायदा, आणि तिथून बहुतेक भाषांमध्ये कोर्टाचा वास शिरला. मराठी बायबलने ‘नियमशास्त्र’ हा शब्द घेतला, तो मला जास्त जवळचा वाटतो. पाकशास्त्राचं पुस्तक कोणाला अटक करत नाही. काय कशात घालावं आणि का घालावं हे शिकवतं. तोरामध्ये कायदे आहेत, पण गोष्टीही तेवढ्याच आहेत. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक तर जवळजवळ सगळंच गोष्टींचं.

दहा आज्ञांचंही तसंच. निर्गमच्या मूळ मजकुरात त्या आज्ञेने सुरूच होत नाहीत. सुरुवात आहे ती ओळख करून देण्याची: मी तुझा देव परमेश्वर, मीच तुला मिसर देशातून (म्हणजे इजिप्तमधून), गुलामगिरीच्या घरातून बाहेर काढलं. यहुदी मोजणीत हेच पहिलं वचन. ते मुळात ‘दहा आज्ञा’ न म्हणता ‘दहा वचनं’ म्हणतात. कॅथलिक आणि लुथरन मंडळी ‘इतर देव नकोत’ आणि ‘मूर्ती नको’ ही एकच आज्ञा धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात. ऑर्थोडॉक्स आणि बहुसंख्य प्रोटेस्टंट उलट करतात. थोडक्यात, आज्ञा दहा यावर एकमत, पण सहावी कुठली हे विचारलं तर भांडण.

लुइझियानाच्या फलकावर ‘मी तुझा देव परमेश्वर’ एवढं ठेवलंय आणि मिसर देश गाळलाय. जागा वाचवायला गाळला असेल. पण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली त्याच गाळलेल्या वाक्यात होती.

चिठ्ठी कोणाच्या नावाची?

मिसरचं वाक्य वाचलं की कळतं, हे बोलणं कोणाशी तरी चाललंय. गुलामगिरीतून सुटलेला एक विशिष्ट लोकसमूह सीनाय पर्वताच्या पायथ्याशी उभा आहे आणि देव त्याच्याशी करार करतोय. बायबलमध्ये ‘करार’ म्हणजे दोन पक्षांनी एकमेकांशी बांधून घेतलेलं नातं, अटींसकट. तुम्ही माझे लोक, मी तुमचा देव, आणि माझे लोक म्हणून तुम्ही असं जगायचं. 613 आज्ञा या त्या नात्याच्या अटी आहेत.

डॉक्टरने दुसऱ्याच्या नावाने लिहिलेली चिठ्ठी तुमच्या हाती पडली, तर त्यावरच्या गोळ्या तुम्ही घेणार नाही. त्या गोळ्या वाईट असतात असं नाही. त्या आजाराला, त्या वयाला, त्या वजनाला त्या बरोबरच असतात. पण ती चिठ्ठी नीट वाचली तर डॉक्टर कसा विचार करतो, कशाला जपतो, हे मात्र कळतं. मार्टिन लूथरने 1525 मध्ये साधारण हेच सांगितलं होतं, त्याच्या खास रोखठोक पद्धतीने: मोशे हा यहुद्यांचा कायदा आहे, जसा सॅक्सनीचा कायदा सॅक्सनीच्या लोकांचा, फ्रान्सला त्याच्याशी काय देणंघेणं? आणि त्याच दमात तो म्हणतो की मोशेकडे शिकण्यासारखं भरपूर आहे, ते सोडू नका.

‘म्हणजे जुना करार, बायबलचा येशूच्या आधीचा भाग, बाजूला ठेवायचा?’ असं लगेच मनात येतं. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने हेच सुचवलं होतं. जुन्या कराराचा देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, आणि पहिल्याची पुस्तकं टाकून द्यायची. इ.स. 144 च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्यालाच बाहेर काढलं. पुस्तकं राहिली.

येशूने रद्द केलं की कडक केलं?

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, नियमशास्त्र रद्द करायला मी आलेलो नाही, ते परिपूर्ण करायला आलोय. ‘परिपूर्ण’ या शब्दावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेलेत. पण पुढच्याच ओळींत तो काय करतो ते पाहिलं तरी पुरे. खून करू नको हे तुम्ही ऐकलंय. मी सांगतो, भावावर रागावू नका. व्यभिचार करू नको हे ऐकलंय. मी सांगतो, नजरही सांभाळा. इथे सूट कुठेच दिसत नाही. उलट, हातापुरती असलेली आज्ञा मनापर्यंत नेलीय.

मार्कच्या सातव्या अध्यायात मात्र वारं उलट्या दिशेने वाहतं. बाहेरून पोटात जाणारं काही माणसाला विटाळत नाही, आतून निघतं ते विटाळतं, असं येशू म्हणतो, आणि मार्क कंसात टाकावं तसं वाक्य जोडतो की अशा रीतीने त्याने सगळं अन्न शुद्ध ठरवलं. म्हणजे एकाच माणसाने खुनाची आज्ञा घट्ट केली आणि खाण्याची सैल केली. त्याला कुठली तरी मोजपट्टी असणार. ती त्याने सांगितलीही: देवावर संपूर्ण जीवाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, यावर सगळं नियमशास्त्र टांगलेलं आहे. ही दोन्ही वाक्यं त्याने नव्याने रचलेली नाहीत. पहिलं ‘अनुवाद’ नावाच्या, मोशेच्या पाचव्या पुस्तकातलं, दुसरं लेवीयमधलं. चावी कुलुपाच्याच घरातली होती.

पेत्राची भूक आणि येरुशलेमची बैठक

हे सगळं पहिल्या शिष्यांना सहज पटलं असेल, असं समजू नका. नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 10. पेत्र यापो गावात एका घराच्या धाब्यावर प्रार्थना करतोय. दुपार झालीय, भूक लागलीय, खाली स्वयंपाक चाललाय. त्याला दृष्टान्त होतो: आकाशातून एक मोठी चादर उतरते, तिच्यात निषिद्ध धरून सगळ्या प्राण्यांची गर्दी, आणि आवाज येतो, ऊठ, मारून खा. पेत्र म्हणतो, छे, असलं काही मी आजवर तोंडाला लावलेलं नाही. तीनदा असं होतं. तो बुचकळ्यात पडलेला असतानाच खाली दार वाजतं. रोमन शताधिपती कर्नेल्य याची माणसं त्याला घरी बोलवायला आलेली असतात. चादरीचा अर्थ पेत्राला तेव्हा लागतो: प्रश्न डुकराचा नव्हताच, कर्नेल्यासारख्या यहुदी नसलेल्या माणसाच्या उंबरठ्याचा होता.

लेवीयच्या विसाव्या अध्यायात कारण उघड दिलेलं आहे. मी तुम्हाला इतर राष्ट्रांपासून वेगळं केलंय, म्हणून तुम्ही शुद्ध आणि अशुद्ध प्राण्यांत भेद करा. खाण्याचे नियम हे कुंपण होतं. ज्याच्या ताटात जेवता येत नाही त्याच्या घरात सोयरीक होत नाही, हे कोणालाही समजावून सांगायला नको. एक लहान लोकसमूह मोठ्या साम्राज्यांच्या गर्दीत विरघळला नाही, याचं बरंचसं श्रेय त्या कुंपणाला आहे. पण आता कुंपणापलीकडच्यांनाच आत बोलावलंय. चोरीच्या मनाईचं तसं नाही. ती वेगळेपण राखायला दिलेली नव्हतीच. शेजारच्या राष्ट्रांतही चोरी हा गुन्हाच होता. कोळंबी आणि चोरी यांत फरक आहे तो असा.

तरीही भांडण झालंच. यहुदी नसलेल्या माणसाला ख्रिस्ती व्हायचं तर आधी सुंता करून मोशेचे नियम घ्यावे लागतील का? इ.स. 49 च्या आसपास येरुशलेममध्ये यावर बैठक झाली. निर्णय: ते ओझं त्यांच्यावर टाकायचं नाही, फक्त चार गोष्टी टाळाव्यात. मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस, आणि जारकर्म.

गंमत अशी की हे चारही पुढे सरसकट टिकले नाहीत. रक्ताबद्दलची मनाई पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स नियमांत आजही आहे. पश्चिमेकडे ती ऑगस्टीनच्या काळापर्यंत, म्हणजे 400 च्या सुमारास, मागे पडलेली होती. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे लोक मात्र 1945 पासून याच ओळीच्या आधारे शरीरात रक्त चढवून घ्यायला नकार देतात. नव्या करारात आहे म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही.

पौलाचा बालरक्षक

पौल या पहिल्या पिढीतल्या प्रेषिताने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात एक छान दाखला आहे. नियमशास्त्र हे आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोचवणारं बालरक्षक होतं, असं तो म्हणतो. बालरक्षक म्हणजे ग्रीक-रोमन घरांतला तो गुलाम, जो मुलाला बोट धरून शिक्षकाकडे नेई, वाटेत खोड्या करू देत नसे, वेळ पडली तर फटकाही देई. मूल वयात आलं की त्याचं काम संपलं.

पाच वर्षांच्या मुलाला आपण सांगतो, माझा हात धरल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही. तिसाव्या वर्षी तो हात धरत नाही, आणि त्यात आज्ञाभंग नाही. पण ज्यासाठी हात धरायला लावला होता ते तसंच आहे. तिशीतला माणूस दोन्ही बाजूंना न बघता रस्त्यात घुसला, तर ‘मी आता मोठा झालोय’ हे त्याचं उत्तर गाडी ऐकणार नाही.

तीन कप्पे, आणि त्यांची अडचण

चर्चमध्ये हा प्रश्न विचारलात तर बहुधा हे उत्तर मिळेल: नियमशास्त्राचे तीन भाग आहेत. नैतिक, विधींचे आणि राज्यकारभाराचे. विधी ख्रिस्तात पूर्ण झाले, राज्य संपलं, नैतिक भाग कायम. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी ही विभागणी नीट मांडली, प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने ती उचलली, 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीतही ती आहे.

शिकवायला सोपं, म्हणून मीही हे कप्पे वापरतो. पण मजकुरावर ही लेबलं लावलेली नाहीत. लेवीय 19 उघडा. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर हे 18 वं वचन, आणि दोन जातींच्या धाग्यांचं कापड नको हे 19 वं. मध्ये ओळ सोडलेली नाही, आवाज बदललेला नाही. त्याच अध्यायात दाढीची टोकं आणि गोंदणही आहे. लिहिणाऱ्याला ही एकच पवित्रता होती.

शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, तर कुठल्याच कप्प्यात धड बसत नाही. तो दहा आज्ञांमधलाच, म्हणजे ‘नैतिक’. तरी बहुसंख्य ख्रिस्ती शनिवार पाळत नाहीत. रविवारी एकत्र येण्याची प्रथा पुनरुत्थानाच्या आठवणीतून आली आणि 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार सुट्टीचा केला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक शनिवारच पाळतात, आणि त्यांचा युक्तिवाद वाटतो तितका कच्चा नाही. इथिओपियाच्या प्राचीन ऑर्थोडॉक्स परंपरेत दोन्ही दिवसांना मान आहे. पौल रोमकरांना लिहितो की कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो. ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी.

‘पण मग दगडमार?’

अनुवादच्या 21 व्या अध्यायात उद्दाम मुलाला गावाच्या वेशीपाशी दगडमार करण्याची शिक्षा आहे, आणि ती वाचून अंगावर काटा येतो, यायलाच हवा. या शिक्षा एका राष्ट्राच्या न्यायव्यवस्थेच्या होत्या, चर्च हे राष्ट्र नव्हे, एवढं उत्तर साधारणपणे दिलं जातं. त्याहून ठोस दाखला ग्रीसमधल्या करिंथ शहरातला आहे. तिथल्या मंडळीत एकाने वडिलांच्या बायकोला ठेवलं होतं. लेवीयनुसार याला मृत्युदंड. पौल संतापतो आणि ‘आपल्यातून दुष्टाला काढून टाका’ हे अनुवादमधलं दगडमारीच्या प्रसंगांचं वाक्य जसंच्या तसं वापरतो. पण अंमल? त्याला मंडळीबाहेर करा, त्याच्या पंक्तीला बसू नका. आज्ञा तीच, हातातला दगड गेला.

समलैंगिकतेवरून आज चर्चमध्ये जे वाद पेटलेत, तिथेही दोन्हीकडून घाईची उत्तरं येतात. ‘लेवीयमध्ये लिहिलंय’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही, आणि ‘लेवीयमध्ये कोळंबीही आहे’ एवढ्याने काही खोडलं जात नाही. पारंपरिक बाजूचा भर खरं तर उत्पत्तीवर आणि पौलाच्या पत्रांवर आहे, आणि दुसरी बाजू पौलाचे शब्द त्या काळच्या कोणत्या संबंधांबद्दल होते हे विचारते. वाद घालायचाच तर तिथे घालावा.

सोयीचं उचललं का? कधीकधी, हो

आरोप पूर्ण खोटा आहे असं म्हणवत नाही. गरिबाला पैसे दिलेस तर व्याज घेऊ नको, असं निर्गम सांगतं. मध्ययुगीन चर्चने ही आज्ञा नैतिक आणि कायमची धरली. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड सावकारांना प्रभुभोजन आणि ख्रिस्ती दफन नाकारलं. मग व्यापार वाढला, भांडवल लागायला लागलं, आणि 1545 मध्ये कॅल्व्हिनने एका पत्रात मांडलं की अडलेल्याला नाडणारं व्याज वेगळं आणि धंद्यासाठी दिलेल्या पैशावरचं व्याज वेगळं. हा आज्ञेच्या हेतूपर्यंत जाणारा विचार होता की काळाची सोय? मला वाटतं, दोन्ही. आणि आज बँकेत खातं असलेल्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न सुचतसुद्धा नाही, यावरून पुढे सोयीनेच बाजी मारली असं दिसतं.

उलट टोकाची सोयही आहे: प्रेम केलं की झालं, आज्ञांचं काय एवढं. पण इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातली चोरीबद्दलची ओळ वाचा. चोरी करणाऱ्याने चोरी थांबवावी, एवढ्यावर ती थांबत नाही. त्याने हाताने कष्ट करावेत, म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्याकडे काही असेल. हिशेब शून्यावर आला, की देणं सुरू होतं. फलकावरची ‘चोरी करू नको’ ही आज्ञा यापेक्षा फार स्वस्त आहे.

जुनी आज्ञा वाचायची कशी

अनुवाद 25 मध्ये मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको, असं आहे. जो धान्य तुडवतोय त्याला त्यातलं चार घास खाऊ दे. पौल ही ओळ करिंथकरांना ऐकवतो आणि मंडळीसाठी राबणाऱ्यांच्या पोटापाण्याबद्दल बोलतो. त्याच पुस्तकात नवं घर बांधलंस तर धाब्याला कठडा कर, कोणी पडून मेला तर दोष तुझ्या घरावर, अशी आज्ञा आहे. तिथे लोक धाब्यावर झोपत, बसत, पेत्रासारखी प्रार्थना करत. ज्याचं छप्पर उतरतं आहे त्याने कठडा बांधावा असं कोणी म्हणणार नाही. पण धोक्याची यंत्रं चालवणाऱ्या कारखानदाराला ही ओळ पुरेशी बोचरी आहे.

आणि ते गहाण पांघरूण. शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, कारण त्याच्या अंगावर तेवढंच आहे; तो आणखी कशात झोपणार? आज्ञेच्या मध्येच देव असा प्रश्न विचारतो. येशू जेव्हा म्हणतो की कोणी फिर्याद करून तुझा सदरा घेऊ पाहिला तर त्याला वरचं वस्त्रही दे, तेव्हा ऐकणाऱ्यांना ठाऊक असणार की ते वरचं वस्त्र रात्रीपुरतंही कोणाला ठेवून घेता येत नाही. निर्गम माहीत नसेल तर त्या वाक्याची धार कळत नाही.

1960 मध्ये इस्राएलच्या किनाऱ्याजवळच्या एका जुन्या किल्ल्यात खापराचा तुकडा सापडला. त्यावर शाईने हिब्रूत लिहिलेला एका कापणीच्या मजुराचा अर्ज आहे, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला. ठरलेलं काम मी पुरं केलं, धान्य कोठारात भरलं, तरी मुकादमाने माझं वस्त्र काढून घेतलं. बरोबरचे कापणी करणारे साक्ष देतील. साहेबांनी ते मला परत मिळवून द्यावं. ते त्याला मिळालं की नाही, हे खापरावर नाही.